खोटा ठरवलेला इशारा

३ मार्च, मंगळवार

खोटा इशारा! अहवालात हेच दोन शब्द, आणि खाली सहा जणांच्या सह्या. सहातल्या एकानेही माझा डबा उघडून पाहिलेला नाही.

माझा डबा म्हणजे विमान धावपट्टीवर पळायला लागलं की त्याच्या वेगावर नजर ठेवणारं यंत्र. वैमानिकाने भरलेल्या वजनावरून ते हिशेब करतं – एवढं जड विमान एवढ्या सेकंदांत एवढ्या वेगाला पोचायला हवं. नाही पोचलं तर आवाज येतो, "वेग अपुरा." उडायचं की थांबायचं, ते माणसाने ठरवायचं. एका ठरावीक वेगानंतर थांबताही येत नाही, म्हणून ठरवायला मिळतात दोन-तीन सेकंद. त्या दोन-तीन सेकंदांसाठी मी चार वर्षं घातली आहेत.

गेल्या गुरुवारी कॅप्टनबाईंनी तो आवाज ऐकला आणि विमान थांबवलं. ब्रेक इतके तापले की चार टायर बसले. पुढे धावपट्टी थोडीच उरली होती, पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि बक्षीस काय? घरी बसा! इंजिनं ठणठणीत निघाली, म्हणून इशारा खोटा, म्हणून बाई घाबरट. वाचून डोक्यात तिडीकच गेली.

४ मार्च, बुधवार

उड्डाणप्रमुखांकडे गेले. बसा म्हणाले नाहीत. फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, ही तिसरी वेळ. याआधी दोनदा तुमचं यंत्र असंच ओरडलं, तेव्हाचे दोन्ही कॅप्टन डोकं शांत ठेवून उडाले. त्यांना शाबासकी मिळाली आहे! शुक्रवारी, तेरा तारखेला बैठक. तिथे दोन निर्णय व्हायचेत – सगळ्या विमानांतला माझा आवाज बंद करायचा, आणि कॅप्टनबाईंना कायमचं खाली उतरवायचं.

वर हे – "मॅडम, कुकरची शिट्टी झाली म्हणून कुणी घर सोडून पळत नाही."

उत्तर नेहमीप्रमाणे जिन्यात सुचलं. पळत नाही साहेब, पण उठून गॅस बंद करतात! परत वर जाऊन सांगावंसं वाटत होतं. गेले नाही, याचा राग वेगळाच.

५ मार्च, गुरुवार

तिन्ही विमानांतले डबे मागितले. "बघू."

६ मार्च, शुक्रवार

अजून "बघू"च. भांडारातल्या माणसाच्या टेबलासमोर दीड तास उभी राहिले. शेवटी तोच कंटाळला आणि सोमवारची वेळ दिली.

घरी आले तर नवरा स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या घड्याळात सेल घालत होता. कंपनीने दिलेलं घड्याळ. मी वजन विभागात होते त्या वर्षी सूचनापेटीत सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या टाकल्याबद्दल. "तुझ्यासारखंच आहे," म्हणाला, "नेहमी पाच मिनिटं पुढे." मला हसू आलं नाही. झोपेपर्यंत त्याने पुन्हा विनोद केला नाही, बिचारा.

९ मार्च, सोमवार

खरा होता! तिन्ही वेळा खरा होता!

डब्याच्या स्मृतीत वैमानिकाने भरलेला आकडा राहतो. वैमानिक तो आकडा उड्डाणाआधी मिळणाऱ्या वजनाच्या कागदावरून वाचतो. तिन्ही फेऱ्यांचे आकडे त्या कागदांशी ताडून पाहिले. तिन्ही वेळा इंधनाशिवायचं वजन भरलंय! म्हणजे विमान कागदावर बासष्ट टन आणि जमिनीवर पंचाहत्तर. ते सावकाशच पळणार. ते दोन शांत डोक्याचे कॅप्टन धावपट्टीच्या अगदी टोकाला जेमतेम उचलले गेले आहेत – त्यांना पत्ताही नाही. शाबासकी घेऊन बसलेत.

मग लक्षात आलं. तिसऱ्या वेळचा आकडा कॅप्टनबाईंनी भरला होता.

१० मार्च, मंगळवार

त्यांच्या घरी गेले. दाराशीच इस्त्री केलेला गणवेश टांगलेला. बारा दिवस तसाच असावा, खांद्यांवर धूळ होती. काही बोलायच्या आधी त्यांनी चहा टाकला. मी आकडे पुढे ठेवले. चष्मा लावून दोनदा वाचले त्यांनी.

"म्हणजे चूक माझीच."

मी म्हटलं, थांबवलंत म्हणून सगळे वाचले. हे कागद दाखवले नाहीत तर तुम्ही नुसत्या घाबरट ठरता, दाखवले तर निष्काळजी. काय करू सांगा.

"तो आवाज बंद करणार आहेत ना?"

"हो."

"मग लिही. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण एकवीस वर्षांत मी चुकीची ओळ कधी वाचली नव्हती गं. ते मला कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. येताना चिडून रडले, बसमध्ये, सगळ्यांसमोर.

११ मार्च, बुधवार

नवरा शाळेत गणित शिकवतो. जेवणाच्या टेबलावर पेपरांचे गठ्ठे पसरून बसला होता. त्याला सगळं सांगितलं – तीन अनुभवी माणसं, तिघांची एकच चूक, आणि आता खापर फुटणार एकटीच्या डोक्यावर. लाल पेन न थांबवता म्हणाला, "वर्गातल्या अर्ध्या पोरांनी एकच चूक केली, तर मी पोरांना रागावत नाही. आधी प्रश्नपत्रिका बघतो."

प्रश्नपत्रिका! कागद!

१२ मार्च, गुरुवार

वजन विभाग. अकरा वर्षांनी पाय ठेवला. तोच हिरवा पंखा, तेच काका, चष्मा मात्र जाड झालेला. पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. कोरा वजनाचा कागद मागितला.

बघितला आणि अंगाचा तिळपापड झाला. इंधनाशिवायचं वजन, लगेच खाली इंधनासकट वजन. एकाच मापाची अक्षरं, मध्ये बोटभरही जागा नाही! घाईत, कमी उजेडात, कुणाचीही नजर वरच्या ओळीवर पडेल. आमच्या वेळी दोन वेगळी पानं होती, दोन रंगांची. मी इथून गेल्यावर कुठल्या अतिशहाण्याने ती एक केली? असल्या माणसाला कधी विमानात बसवलं होतं का कुणी?

काकांना म्हटलं, मला नाव हवंय. ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, जुन्या फायली तळघरात आहेत, सकाळी काढून ठेवतो. मग म्हणाले, "नाव कशाला हवंय? कागद बदला म्हणजे झालं."

नाही झालं! कॅप्टनबाईंचं नाव सहा सह्यांनिशी छापता, मग याचं का नको? माझा अहवाल पूर्ण केला. शेवटचं वाक्य – हा कागद ज्याने आखला त्याला समितीपुढे उभं करावं. पुढे नावासाठी जागा सोडली आहे.

१३ मार्च, शुक्रवार

काकांनी फाईल टेबलावर ठेवली आणि चहा आणायला म्हणून बाहेर गेले. परत आलेच नाहीत.

सूचनापेटीतली चिठ्ठी होती. पेन्सिलीने आखलेला तक्ता, आणि बाजूला लिहिलेलं – "दोन पानांऐवजी एकच करावं. दोन्ही वजनं एकाखाली एक घ्यावीत, डोळ्यांना सोपं पडेल." 'सोपं'खाली दोन रेघा.

अक्षर माझं.

कालचं वाक्य खोडलं नाही. रिकाम्या जागेत नाव भरलं. अकराला बैठक आहे.