चाळिसावी भेली

७ जानेवारी १९६४, मंगळवार. दिवेलागण.

जेवणात लक्ष लागलं नाही. सकाळी भाच्याच्या बैलगाडीसाठी जकात नाक्यावर हमीदार म्हणून सही केली. गुळाच्या चाळीस भेल्या, साखरखेर्ड्याला जाणाऱ्या. माल गावात उतरणार नसेल तर जकात घेत नाहीत, पण तेवढाच माल दुसऱ्या नाक्यावरून बाहेर पडेल, अशी गावातल्या माणसाची हमी लागते. कमी भरला तर जकात आणि दंड हमीदारावर.

दुपारी घरी आलो तर चुलीजवळ भेली!

ही म्हणाली, "भाचा ठेवून गेला. संक्रांत आली, मामाच्या घरी खाली हातानं कसा येईन तो?"

"अवं, चाळीस मोजून सही केली मी!"

"एका भेलीनं काय होते? तुमाले तं साऱ्याचंच भेव."

भेली पिशवीत घालून दुसऱ्या नाक्यावर धावत गेलो. गाडी निघून गेली होती. नाकेदार चहा पीत होता. विचारलं, "भेल्या बरोबर भरल्या ना?"

"मोजल्याच नाही, बाबा. तुमची सही पाह्यली अन् चाळीस लिहून टाकल्या."

पिशवी हातातच होती, आणि मी गप्प. काऊन गप्प बसलो? आता खरं सांगावं तर त्या बिचाऱ्याची नोकरी जायची. दंड भरावा लागला असता तर परवडलं असतं. भेली अजून पिशवीतच आहे, हिला हात लावू दिला नाही. सकाळी जाऊन सांगू? की नको? पण उद्या मी आणखी कोणाच्या गाडीसाठी सही केली, तर तो तेव्हाही मोजणार नाही.