तिसऱ्या मजल्यावरच थांबणाऱ्या लिफ्टबद्दल लोक काय म्हणाले

चि. टाचणीस,

मामाचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. मामी ठीक, तिचा गुडघा ठीक, दुकानातल्या तिन्ही खुर्च्या ठीक. फक्त मधलीचा खटका नीट बसत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक मागे टेकलं की एकदम छताकडे बघायला लागतं. मी मात्र ठीक नाही, पण ते ओघाने येईलच. तू वेळेवर जेवतेस ना? फोनवर तुझा आवाज ऐकून मामी म्हणाली, ही पोरगी नुसत्या चहावर जगतेय. मालिका लिहिणारा माणूस उपाशी राहिला की त्याची पात्रं एकमेकांना खायला उठतात, असं तिचं मत आहे. (तिची मतं मी या पत्रात शक्यतो आणणार नाही. ती तुला वेगळं लिहिणार आहे, आणि ते पाकीट जाड असेल.)

तू बजावलंस की फोनवर काही सांगू नकोस, फोनवर तू सगळ्यालाच छान छान म्हणतोस, तेव्हा लोक काय म्हणाले ते लिहून कळव, आणि ऐकलंस तसंच्या तसं कळव. बरोबर आहे तुझं. भिंतीला आरसा टांगून, त्याच्यापुढे स्टूल ठेवून मी धंदा सुरू केला तेव्हा माझ्याजवळ एक कात्री, एक वस्तरा आणि हे दोन कान एवढंच भांडवल होतं. कात्र्या बदलल्या, कान तेच आहेत. माणूस खोटं बोलायला लागला की तोंडाआधी त्याच्या कानामागची शीर हलते, आणि ती मला दिसते, कारण मी तिथेच उभा असतो. पण तू फोन ठेवता ठेवता, अगदी सहज आठवल्यासारखं, "आणि आईने बघितलं का रे?" असं विचारलंस ना, तेव्हा फोनमधून तुझ्या कानामागची शीरसुद्धा मला दिसली. बँकेतली नोकरी सोडून तू मालिका लिहायला गेलीस तेव्हापासून ताई तुझ्याशी बोलत नाही, आणि तिने लिहिलेलं माझ्या घरात लागणार नाही, हे ताईचं वाक्य मी याच कानांनी ऐकलंय. त्या प्रश्नाकडे मी येतो. जरा दम खाऊ दे. आधी बाकीच्या जगाचं ऐक.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी दुकान भरलेलं होतं. मालिका माझ्या भाचीची आहे हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नेहमीची बातम्यांची वाहिनी बदलून मी तुझी लावली आणि निर्विकार चेहऱ्याने एका औषधवाल्यांच्या गालाला फेस लावायला घेतला. आता मालिका काय आहे हे तुला सांगायला नको, पण लोकांना काय समजलं ते सांगतो. एका उंच इमारतीतली लिफ्ट आहे. माणूस बटण दाबतो पाचव्या मजल्याचं, लिफ्ट त्याला सोडते तिसऱ्यावर, कारण तिसऱ्यावर त्याचा भाऊ राहतो आणि दोघांचं वाकडं आहे. लिफ्टला ते ठाऊक आहे. माणूस परत पाच दाबतो, परत तिसरा. मध्ये मध्ये त्या भावाचं घर दिसतं, तो बाहेर निघता निघता एक चप्पल घालून बायकोशी काहीतरी बोलत असतो. सासू नाही, कारस्थान नाही, एकाच चेहऱ्याकडे तीन बाजूंनी धावणारा कॅमेरा नाही, मागे ढमढम नाही. पहिली काही मिनिटं दुकानात अशी शांतता होती की मला घाम फुटला. मग बाकावरच्या विमा एजंटने विचारलं, "हे बिघडलंय काय? आवाज नाही कशाचाच." मी म्हटलं, आवाज आहे, पण कमी बोलतात. तो म्हणाला, "मालिकेत कमी बोलून कसं चालेल? आपण कुठे घाईत आहोत?"

इथे एक गोष्ट लक्षात घे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा टीव्ही खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर आहे. बाकावरचे लोक तो सरळ बघतात. खुर्चीतले लोक आरशात बघतात. बातम्यांना त्याने काही फरक पडत नाही. पण पहिल्या खुर्चीत त्या दिवशी कोण बसलेलं असावं? लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ, ज्यांची सगळी हयात लिफ्टच्या खड्ड्यात गेली. त्यांची अर्धी दाढी झाली होती. पडद्यावर लिफ्टमधली बटणांची पट्टी मोठी करून दाखवली आणि ते खुर्चीतून ताडकन उठले. "सापडलं!" म्हणाले. "आकडे उलटे बसवलेत! पट्टीच उलटी लावलीय, मग लिफ्ट भलतीकडे जाणार नाही तर काय करणार!" दुसऱ्या खुर्चीतल्या औषधवाल्यांनी आरशात डोळे बारीक केले आणि म्हणाले, खरंच की हो, पाच उलटा आहे. बाकावरून एजंट ओरडला की आकडा अगदी सरळ आहे, तुमचे डोळे तपासा. मग जे जुंपलं! खुर्च्या एका बाजूला, बाक एका बाजूला. "मी आयुष्यभर हेच केलंय, मला शिकवता?" "अहो, पण दिसतंय ना सरळ!" "दिसेल तुम्हाला, तुम्ही विमा विकता!" आमचे मोठे कारागीर, जे एरवी दिवसातून दोन वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातलं एक इथे खर्च केलं. म्हणाले, "मागे वळा." लिफ्टवाले अर्ध्या फेसासकट मागे वळले. बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. पुन्हा आरशात बघितलं. मग गुपचूप बसले आणि मला म्हणाले, "हे लिहिणाऱ्याने मुद्दाम केलंय. डोकं आहे माणसाला."

तू आमच्या आरशाचा विचार करून मालिका लिहिली नसशील, पण श्रेय मिळत असेल तर घेऊन टाक.

शेवट मात्र कुणालाच आवडला नाही, हे मनावर दगड ठेवून लिहितो. लिफ्टचं दार उघडतं, समोर भाऊ कचऱ्याची बादली घेऊन उभा, दोघं एकमेकांकडे बघतात आणि नावं सुरू होतात! एजंट म्हणाला, ही फसवणूक आहे. औषधवाले म्हणाले, अंगावर काटा आला. (पण त्या क्षणी माझा वस्तरा त्यांच्या कानाजवळ थांबला होता, कारण मीही बघत होतो. काटा कशाने आला हे सांगणं कठीण. वस्तरा गळ्याशी असताना मिळालेलं मत मी या पत्रात धरलेलं नाही. तसं धरलं असतं तर तुझी मालिका जगात पहिली आली असती.) मी मुद्दाम विचारलं, पुढच्या वेळी बघणार का? एजंट म्हणाला, "छे! असलं कोण बघतंय?" आणि निघताना दारातून परत आला. "कधी असतं म्हणालात?"

नंतरच्या दिवसांत जे कानावर आलं ते असं. समोरच्या इमारतीतल्या लिफ्टकडे लोक आता आत शिरण्याआधी जरा दबकून बघतात. एका बाईंची लिफ्ट चुकून दुसऱ्या मजल्यावर थांबली, तर त्या तिथे राहणाऱ्या जावेकडे जाऊन चहा पिऊन आल्या, आणि आता पस्तावल्या आहेत, कारण जाऊ उलट भेटीला येणार आहे. लिफ्टवाल्यांना रोज कुणीतरी तक्रार करतं, आणि ते वैतागून म्हणतात की लिफ्टला फक्त वजन कळतं हो, मन कळत नाही. तुझ्या मालिकेने एका कष्टाळू माणसाचं काम वाढवलंय.

आता ताई.

पहिला भाग सोमवारी दुपारी पुन्हा दाखवणार आहेत, असं मी पेपरात वाचलं. सोमवारी दुकान बंद असतं, आणि शिवणकामाच्या कात्र्यांना धार लावून घ्यायला ताई सोमवारीच येते. (शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या पदावरून निवृत्त झाल्यापासून ती अख्ख्या गल्लीच्या पोरांचे कपडे शिवते. पोरं तिला अजून घाबरतात, त्यामुळे मापं घेताना हलत नाहीत.) मी तिला पहिल्या खुर्चीत बसवलं, म्हणजे टीव्हीकडे पाठ. टीव्ही सहज लागल्यासारखा लावला. सुरुवातीला नावं आली तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतो ती चादर घेतली आणि बरोबर टीव्हीसमोर उभा राहून जोरजोरात झटकली. ताई म्हणाली, "अरे, दुकान बंद आहे ना आज? कुणाचे केस झटकतोयस?" मी म्हटलं, कालचे. मग मी धार लावायला बसलो, आणि अशी लावली की एकाच पात्याला लावत राहिलो.

ताईने बघितलं. पाठ ताठ ठेवून, आरशात, एकदाही पापणी न हलवता. मध्येच म्हणाली, "कोण लिहितं रे हे?" मला सुचलं ते बोललो, की कुणी एक म्हातारे गृहस्थ आहेत, निवृत्त आहेत, वेळ जात नाही म्हणून लिहितात. ती म्हणाली, "चांगलं शिकलेले दिसतात. वाक्य पूर्ण करतात." (मुख्याध्यापिकेकडून याहून मोठं बक्षीस मी अजून ऐकलेलं नाही.) मग शेवट आला, बादलीवाला भाऊ आला, आणि मी चादर घेऊन पुन्हा टीव्हीसमोर झटकायला धावलो. मागून ताईचा आवाज आला. "त्या गृहस्थांना एक चूक दाखवायला हवी. मोठा कोण आहे त्यात? बादलीवाला ना? मग त्याने आधी बोलायला हवं होतं. मोठ्याने आधी बोलायचं असतं. लहान बिचारा किती वेळ बटणं दाबत बसणार?"

चादर माझ्या हातातच राहिली. आरशात मला तिच्या कानामागची शीर दिसली नाही, कारण तिने पदर घेतला होता. मग ती उठली, कात्री पिशवीत टाकली, धार नीट लागलेली नाही म्हणाली (खरं होतं, एका पात्याला खूप लागली होती) आणि गेली. जाताना फक्त एवढंच विचारलं, पुढच्या सोमवारी काय आहे? मी म्हटलं, दुसरा भाग. ती म्हणाली, "मग मोठी कात्री आणीन."

बाई गं, तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या बहिणीला मी फसवून तुझी मालिका दाखवली आणि तिला ती आवडली. यातली पहिली गोष्ट तिला कळली तर दुसरी तिच्या लक्षात राहणार नाही. मामी म्हणते, खरं सांगून टाका. मी म्हणतो, सांग तूच. मग दोघंही जेवायला बसतो.

तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे संपली. प्रकृतीला जप. चहा कमी कर.

तुझा,
मामा

ता. क. खरं कामाचं सांगायचं राहिलंच, म्हणजे राहिलं नव्हतं, धीर होत नव्हता. दुसऱ्या भागाची जाहिरात आज बघितली. सातव्या मजल्यावर एक आई राहते, मुलगी खालच्या मजल्याचं बटण दाबते आणि लिफ्ट तिला सातव्यावर नेते, असं दिसतंय. ती आई चष्मा ताईसारखाच घालते. आता मला लगेच, उलट टपाली, फोन करूनसुद्धा चालेल, एवढं कळव की ती आई दार उघडते का, उघडून काय बोलते, आणि आवाज चढवते का. चढवत असेल तर अजून बदलता येईल का? नसेल बदलता येत, तर सोमवारी माझ्या दुकानातली वीज जाईल, ते मी बघून घेईन. पण आधी कळायला हवं.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, ते परत काढून लिहितोय. आज सकाळी ताई घरी आली होती. चहा घेतला, मामीच्या गुडघ्याची चौकशी केली, पाण्याच्या वेळेबद्दल बोलली, लिफ्टचं नावही काढलं नाही. मी निर्धास्त झालो. मग निघाली, दारात एक चप्पल घातली, दुसरी हातात धरली, आणि तशीच उभी राहून मला म्हणाली:

"तुझ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कळव. तो बादलीवाला बायकोशी मुख्य गोष्ट कधी बोलतो, तर निघताना, एक चप्पल घालून. ती सवय जगात एकाच माणसाची आहे. दुसऱ्याची सवय वापरायची तर विचारून वापरावी. विचारायला यावं म्हणावं. रविवारी मी घरी असते."

मी म्हटलं, ताई, तू तर रोजच घरी असतेस.

"त्यांना रविवारी सुट्टी असेल," असं म्हणाली, आणि दुसरी चप्पल घालून निघून गेली.