पेटीवर टाकलेली चादर

४ जानेवारी १९८९

घरभर कोंबड्यांचा वास! बाबांनी चहाच्या खोक्याची पेटी केली — आत बल्ब, पाण्याची वाटी, पुढे काच. त्यात गावठी अंडी, खुराड्यातल्या घाणीसकट. आणि ठेवली कुठे? माझ्या खाटेला लागून!

कोलशेतची कंपनी बंद झाल्यापासून बाबा घरीच आहेत. म्हणतात, "कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसायची वाट कोन बघनार? पेटीत पिल्ला काढू, धंदा करू." आई मासळीची पाटी उचलत म्हणाली, "करा काय ता."

कॉलेजातल्या मैत्रिणीला, मृणालला, मी सांगितलंय — बाबा सुपरवायझर आहेत.

९ जानेवारी

संध्याकाळी बाबांची हाक. "सगुने, ये गो, बघ."

अंडं बॅटरीसमोर धरलेलं. आत लाल रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मधे एक ठिपका — हलत होता! बाबा श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. कंपनी बंद झाल्यापासून त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

मी म्हणाले, "वास येतो." आणि उठले.

१४ जानेवारी

मृणाल उद्या घरी येणार, नोट्स घ्यायला. नको कसं म्हणणार?

बाबाही उद्या सकाळीच खडवलीला जातायत, कंपनीतल्या मित्राकडून पिल्लांसाठी कोंडा आणायला. "अंडी फिरव, वाटीतला पानी बघ. तुझ्यावर सोडून जातो."

१५ जानेवारी, रविवार

लिहायला नको वाटतंय.

आई बाजारात. मृणाल यायच्या आधी मी पेटीचा प्लग काढला. काचेतून उजेड दिसला असता. पेटीवर चादर टाकली, वर उशी. तासाभराचा तर प्रश्न! आणि मृणाल आली ती नेमकी त्यावरच बसली. पाय हलवत म्हणाली, "मस्त आहे गं ही बैठक." मी हसले.

मग म्हणाली, "चल आमच्याकडे, आईने गुळपोळ्या केल्यात." प्लगची आठवण होती मला. पण ती दारात उभी. तिच्यादेखत चादर कशी काढणार? गेले. नौपाड्यात त्यांचं घर. जेवले, गप्पा मारल्या, कॅरम खेळले. मधे मधे घड्याळ बघत होते, तरी उठले नाही.

संध्याकाळी ती मला स्टेशनजवळच्या बसस्टॉपवर सोडायला आली. रांगेत बाबा! खांद्यावर कोंड्याचं पोतं, केसांत कोंडा. त्यांनी मला पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं.

मी मान फिरवली.

बाबांनी मृणालकडे पाहिलं, पोतं सावरलं आणि बसमध्ये चढले. मृणाल म्हणाली, "अगं, तुझी बस ना ही?" मी म्हणाले, "गर्दी आहे. पुढच्या बसने जाते."

घरी आले तर चादर घडी करून खाटेवर ठेवलेली. बल्ब लागलेला. बाबा पेटीपुढे उकिडवे बसलेले.

"लाईट गेलेली वाटते," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

१६ जानेवारी

बाबा अंडी फिरवतायत. मला सांगत नाहीत.

२६ जानेवारी

पिल्लं निघायला लागतात ते एकवीस दिवस होऊन गेले. एकाही अंड्याला तडा नाही. शेजारचा चंदूकाका सकाळ-संध्याकाळ डोकावतो. "नाथा, पिल्ला कवा? का आम्लेटची मशीन बनवलीस?" बायका हसतात. बाबाही हसल्यासारखं करतात.

आज त्यांनी अंगणात एक अंडं फोडलं. आत अर्धवट पिल्लू. डोळे मिटलेले, पाठीवर ओलं, काळसर पीस. दुसरंही तेवढंच. तिसरंही. सगळी एकाच दिवशी वाढायची थांबलेली. कुठल्या, ते मला माहीत होतं.

आई म्हणाली, "रविवारी पोर घरातच होती ना?"

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिचा काय संबंध? लाईट गेलेली. माझाच बल्ब कमी पडला."

मी तिथेच उभी होते. खड्डाही बाबांनीच खणला, चिंचेखाली. मी निदान टोपली धरायला हवी होती.

२८ जानेवारी

बाबांनी पेटी उचलून मागच्या पडवीत टाकली. खाटेजवळची जागा मोकळी झाली. मला हवी होती तशी. झोप येत नाही.

३० जानेवारी

कँटीनमध्ये मृणाल म्हणाली, "अगं, माझा स्वेटर तुझ्या खाटेमागे पडलेला ना! खिशात ओळखपत्र होतं. त्यावरचा पत्ता शोधत काल एक जण घरी देऊन गेले. आईने आत बोलावलं, चहा विचारला, पण दारातूनच परतले. म्हणाले, सगुणाचा शेजारी आहे. किती भला माणूस गं!"

मी हातातला ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "शेजारी नाहीत. माझे बाबा आहेत ते."

ती म्हणाली,

"मग तसं सांगितलं का नाही त्यांनी?"