अंगठ्याची नीळ

आये, बांगड्याची ती तुकडी मी अजून विसरलेलो नाही. रत्नागिरीच्या नर्सिंग शाळेची मेस तुझ्या ताब्यात होती, म्हणून काय वीस मुलींसमोर स्वतःच्या मुलाला नुसतं कालवण वाढायचं? जेवायच्या आधी सगळ्यांच्या हातांना कपड्यांची नीळ चोळायचीस, डोळे मिटून धुवायला लावायचीस, आणि बोटांच्या बेचक्यात निळं दिसलं की, "मेल्या, ह्या हातांनी जेवतोस? तुकडी नाय मिळायची!" मी ओरडायचो, धुतले गं, तुझी नीळच चिवट. तू गेलीस, भांडण तसंच आहे.

आता इथे नागपुरात काय झालं ते ऐक. एका कॉलेजात शिपाई आहे, ही पाचवी नोकरी. नर्सांना, डॉक्टरांना शिकवणाऱ्यांचंच तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. गुणवत्ता व्यवस्थापन म्हणतात. म्हणजे आपण शिकवलेलं पोरांच्या हातात उतरलं की नाही, ते तपासायचं. साहेबांनी मला बजावलेलं, "चहा दे नि गप्प राहा. तोंड उघडलंस तर सोमवारी येऊ नकोस." तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमचे विद्यार्थी हात नीट धुतात का? सगळ्यांनी फॉर्मवर पैकीच्या पैकी दिले. माझ्या तोंडून गेलंच, "निळीने बघितलंत का?"

साहेब पांढरेफटक. बाई म्हणाल्या, "आणा नीळ." मग काय, आये! मोठमोठे प्राध्यापक डोळे मिटून बेसिनशी रांगेत, आणि एकाचाही हात साफ नाही. एक डॉक्टर तर भांडायलाच उठले, "नीळ जुनी असणार!" अगदी माझाच सूर. बाई हसून मला म्हणाल्या, "आता तुम्ही धुवा, गुरुजी." मी ऐटीत धुतले, डोळे उघडले, तर डावा अंगठा अख्खा निळा. तीन दिवस ह्याच अंगठ्याने कप धरून सगळ्यांना चहा दिलेला. डॉक्टरांनी हातातला कप हळूच खाली ठेवला. नोकरी मात्र राहिली. पुढच्या प्रशिक्षणात नीळ माझ्याकडे आहे, चहा दुसऱ्याकडे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं ते लिहून टाकतो. तू तुकडी दिली नाहीस त्या दिवशी मी हात धुतलेच नव्हते, सदऱ्याला मागे पुसलेले. तो निळा झालेला सदरा दुसऱ्या दिवशी तूच धुतलास आणि एक शब्द बोलली नाहीस. आपली ताई आता तुझ्या त्याच नर्सिंग शाळेत शिकवते, माझ्या दुप्पट कमावते, तरी तिला पाठवतोय: निळीचे वीस, आणि जिचा अंगठा निळा राहील तिलाही तुकडी मिळावी म्हणून बांगड्यांचे पाचशे. एकूण पाचशे वीस रुपये.