विरामाची लांबी

४ मार्च
नवी नोकरी, नवं गाव आणि राहायला ताईचं घर! तिच्या तोंडाचा पट्टा दारातच सुरू झाला; बॅग खाली ठेवायलाही उसंत मिळाली नाही. काम माझ्या आवडीचं आहे. वेगवान नेटवर्कवर गर्दी वाढली की संदेश किती रखडतील, हे गणितानं आधीच सांगायचं. त्यासाठी संगणकात खोटी माणसं बोलती करायची: थोडं बोलणं, थोडा विराम, पुन्हा बोलणं. साहेबांचं गणित मात्र खऱ्या नेटवर्कशी जुळेना. तुमची माणसं घड्याळासारखी बोलतात, असं मी म्हणालो. मग जिवंत माणूस आण, म्हणाले.

९ मार्च
आणला. ताईला विचारून तिच्या गप्पा रेकॉर्ड केल्या, तिचं बोलणं आणि विराम मोजून गणितात घातले. आकडे तंतोतंत जुळले. साहेबांनी पाठ थोपटली. बडबडीचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा, असं ताई म्हणाली.

१३ मार्च
गर्दी कमी झाली तर काय होईल, हे बघायला साहेबांनी गणितातले ताईचे विराम लांबवले. जेवताना ताई वाक्याच्या मध्येच थांबली. घास हातात, डोळे उघडे. खांदा हलवला तरी हू की चू नाही. बऱ्याच वेळानं पुढचा शब्द बोलली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मी कुठे थांबले? बोलतेच आहे की."
मला जेवण गेलं नाही.

१६ मार्च
विराम आणखी लांबवलेत. ताई सकाळपासून खिडकीशी उभी आहे, हात पडद्यावर. डॉक्टरांना काही कळेना. साहेबांना सांगितलं, तर मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणून हसले. मी विराम आखूड केले; त्यांनी पुन्हा लांबवले. खूप भीती वाटते.

१७ मार्च
मी ताईला गणितातून काढून टाकलं. लगेच तिच्याजवळ बसलेल्या शेजारणीचा फोन — ताईचा श्वास थांबला. परत घातलं. श्वास आला. ती जागा रिकामी ठेवता येत नाही —

१८ मार्च
तिच्या जागी माझं बोलणं घातलं. ताई भानावर आली, भूक लागली म्हणाली. मी रडलो. साहेब संतापले, माझा पासवर्ड काढून घेतला. माझे विराम वाढवू नका म्हणून हात जोडले. ऐकलं नाही.

१९ मार्च
ताई चहा ठेवून गेली. काय लिहितोस, विचारते. सांगतो म्हटलं. आधी हे एवढं —

चहा गार. ताई रडते आहे. डॉक्टर कधी आले? —

ही वही वाचून ताईला सगळं कळलंय. साहेबांकडे निघाली आहे. चपला घालते आहे. हाक फुटत नाही. ताई, माझ्या जागी पुन्हा तू जाऊ