राहत्या घराचं उत्पन्न

बाबा, अमरावतीच्या राजापेठेतलं तुमचं दुकान अजून उभं आहे. मी सांगून राहिली, नात लिहून राहिली. मधात मधात हसते, पण लिहिते.

लग्नाआधीची गोष्ट. मी चुलीपाशी भाकरी थापून राहिली होती. तुमी दारातूनच म्हणाले, "दुकान तुह्या नावावर केलं. भाडं जावईबापू घेतील. तुले हिशोब काय कळते?" शाळेत धाडलं नाही तुमीच, अन् वर हे! भाडं आधी तुमच्या जावयानं घेतलं, ते गेल्यावर माहा लेक घेतो. मी कधी विचारलं नाही.

परवा लेक मले अकोल्याहून अमरावतीले टॅक्सच्या वकिलाकडे घेऊन गेला. त्याले मोठं कर्ज पाहिजे, म्हणून भाडं आपल्या उत्पन्नात दाखवायचं होतं. वकील म्हणे, "दुकान ज्याच्या नावावर, उत्पन्न त्याचं. पैसे कोणाच्याही खात्यात जावोत." लेक म्हणे, "मंग दुकानच माह्या नावावर करू. आई, अंगठा लावून दे." कागद त्यानं आधीच करून आणला होता. हुशार आहे, तुमच्यावर गेला.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, माह्या उत्पन्नाचा हिशोब कसा करता, ते तं सांगा."

त्यानं नीट सांगतलं. वर्षाचं भाडं धरायचं. महापालिकेत भरलेला टॅक्स वजा करायचा. उरलं त्यातले शंभरामागं तीस दुरुस्तीपायी सोडायचे, भिंतीले चुना लावा का नका लावू. मंग राहिलं ते माहं उत्पन्न, अन् ते मर्यादेच्या वर गेलं तरच कर.

"अन् ज्या घरात मी जलमभर रांधलं, त्याचं?"

"राहत्या घराचं उत्पन्न शून्य धरतात, आजी."

"हे तं मले आधीच माहीत होतं."

वकील हसला. लेक नाही हसला.

बाबा, मले आनंद झाला नाही, रागही आला नाही. दात काढाच्या आधी सुई टोचतात ना, तसं बधीर झालं होतं सारं. लेकानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. मी हात पदरात घेतला अन् म्हटलं, "चाल, अकोल्याची बस निघून जाईन."

बसमधी तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. अजूनही तो मी वाढलेलं जेवतो अन् ताट सरकवून उठतो.

नात विचारते, हे पाठवायचं कुठं? म्हटलं, घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेव. पण शेवटचं एक लिही.

बाबा, तुमी असते अन् "लाव अंगठा" म्हणाले असते, तं मी लावला असता.