आमच्या मुलीला काही कमी नाही

३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू त्या मदत-कचेरीच्या रांगेत उभी असतेस, हे मला शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळावं? त्यांनी हळहळ व्यक्त केली, ती जास्त झोंबली. सरकारी मदतीवर राहणाऱ्या आयांबद्दल लोक काय बोलतात ठाऊक आहे ना? आळशी असतात म्हणे, मदत वाढावी म्हणून पोरं काढतात. जावई घर सोडून गेला हे काय कमी होतं?

मी मूग गिळून बसणारी नाही. तिथल्या साहेबांना स्वच्छ अक्षरात कळवलं आहे, की आमच्या मुलीला काही कमी नाही, माहेर भक्कम पाठीशी आहे. आता कुणी बोट दाखवणार नाही.

कालच तुझ्या वडिलांच्या मागची पेन्शन आणली. रांग तिथेही होती, पण चांगल्या घरच्या बायकांची.

मुलींना आशीर्वाद. लोभ असावा.
आई

१९ जून

ति. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांनी मला वाचून दाखवलं. अक्षराचं कौतुकही केलं. नवरा सोडून गेला याचा त्यांना माझ्याकडून कागद लागतो, मुली माझ्याच याचा दाखला लागतो, घरी येऊन कपाटात पुरुषाचा शर्ट नाही ना, हेही ते बघतात. तुझ्यावर मात्र लगेच विश्वास ठेवला आणि माझी मदत बंद केली. माहेरी मागा म्हणाले.

तुझी आळशी लेक सकाळी इस्पितळाच्या चादरी शिवते. माझ्या लहानगीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून दुपारचं काम धरता येत नाही. घरमालकाने महिनाअखेरची मुदत दिली आहे. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही करून पाहिलं.

आता तू स्वतः येऊन, मला काही देत नाहीस असं लिहून दिलंस तरच मदत सुरू होईल. राग मानू नकोस, लोभ ठेव.
तुझी धाकटी

२६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल कचेरीत जाऊन आले. ठेवणीतले कपडे घालून तुझ्या रांगेत तीन तास उभी होते. पुढच्या लेकुरवाळीने मला आपली जागा दिली. चांगल्या घरची वाटली.

मुलीला काय देता, असं साहेबांनी विचारलं. मी आशीर्वाद म्हटलं. त्याचा रकाना नाही म्हणाले. मग पैसे, धान्य, कपडे, मुलींना सांभाळणं, एकेक विचारत गेले आणि प्रत्येकापुढे नाही लिहीत गेले. जावई गेल्यापासून कितीदा भेटलात, हेही विचारलं. तिथेही नाहीच. सही करताना फार लाज वाटली, कारण त्यात एकही ओळ खोटी नव्हती. मदत पुढच्या आठवड्यात सुरू होईल, घरमालकालाही तसं चिठ्ठीने कळवणार आहेत.

शिंपीणबाईंना सांगितलं, मुलीकडे गेले होते. प्रत्यक्षात तुझं घर कचेरीपासून दोन गल्ल्यांवर असून मी परतीची गाडी धरली. दार वाजवायचा धीर झाला नाही.

दुपारी मुलींना सांभाळायला आले तर चालेल का, ते कळव. पत्राखाली लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून आजवर लिहीत आले. आज मागते आहे.
आई